निसर्ग केंद्राचं बजेट कापलंय? मोर्चा काढायच्या आधी हे करा

आमच्या शहरात टेकडीच्या पायथ्याशी महापालिकेचं एक छोटं निसर्ग परिचय केंद्र आहे. दोन खोल्या, एक हॉल, मागे रोपवाटिका आणि जुन्या दगडखाणीत साठलेलं पाणी, एवढंच. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या लोकांशी तेव्हा भांडलो त्यांच्याबरोबरच आज काम करतोय आणि पुढेही करायचंय.

झालं असं की एका एप्रिलमध्ये मी मुलीला घेऊन तिथे गेले तर दाराला कुलूप, आणि कुलपाला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर स्केचपेनने ‘केंद्र बंद आहे’. माळीकाका आत रोपांना पाणी घालत होते, ते कुंपणाजवळ आले आणि म्हणाले शिकवणाऱ्या मॅडमचं कंत्राट वाढवलं नाही, रखवालदाराला दुसऱ्या बागेत टाकलं, माझं पण आज-उद्या होईल. कुठे ठराव नाही, नोटीस नाही, पेपरात बातमी नाही. नंतर महापालिकेचं अंदाजपत्रक उघडलं तेव्हा कळलं, केंद्राच्या नावासमोर एक हजार रुपयांची टोकन तरतूद होती. म्हणजे नाव वहीत जिवंत ठेवलं आणि पैसे काढून घेतले.

तेव्हापासून दोन बजेटं आम्ही यात घालवली. पहिलं जवळजवळ हातचं गेलं, दुसरं नीट केलं. त्यातून जे समजलं ते सगळं इथे लिहितेय, कारण अशी केंद्रं गावोगावी आहेत आणि सगळीकडे गोष्ट साधारण अशीच घडते. एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे पुढचं सगळं त्या हिशोबाने वाचाल. इमारत कोणी पाडत नाही, बोर्ड कोणी काढत नाही. जातो तो रोज सकाळी कुलूप उघडणारा माणूस, आणि मुलांना वारूळ दाखवून त्याबद्दल सांगणारी शिक्षिका. म्हणून वाचवायचे ते आधी त्या दोन-तीन माणसांचे पगार, रंगरंगोटी आणि नवीन गेट नंतर.

आधी नेमकं काय कापलंय ते शोधा

‘केंद्राचं बजेट कमी केलं’ हे ऐकून लगेच चिडू नका, कारण बऱ्याचदा नेमकं काय झालंय हे आपल्याला बातमी देणाऱ्यालाही माहीत नसतं. महापालिकेच्या वेबसाईटवर अंदाजपत्रकाची पीडीएफ असते, बहुतेक वेळा स्कॅन केलेली, त्यामुळे सर्च करून काही सापडत नाही, एकेक पान बघावं लागतं. उद्यान विभाग, पर्यावरण विभाग आणि शिक्षण विभाग, तिन्हीकडे बघा. आमच्या केंद्राची देखभाल उद्यानात होती, वीजबिल विद्युत विभागात, आणि शिक्षिकेचा पगार तर ‘मनुष्यबळ पुरवठा’ नावाच्या भलत्याच लेखाशीर्षात (म्हणजे बजेटमधल्या खर्चाच्या खात्यात), जिथे शहरभरातल्या बागांची कंत्राटी माणसं एकत्र धरलेली होती. म्हणजे ‘निसर्ग केंद्र’ या ओळीत पाच लाख आले असते तरी शिक्षिका परत आली नसती. हे समजायला आम्हाला दीड महिना लागला.

प्रत्येक ओळीसमोर साधारण तीन आकडे असतात, मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाची तरतूद किंवा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. आपण सगळे तिसरा आकडा बघतो आणि ओरडतो. खरी मेख पहिल्यात असते. मागच्या वर्षी मिळालेले पैसे खर्चच झाले नसतील तर लेखा विभाग पुढच्या वर्षी ते डोळे झाकून कापतो, त्यात कोणाचा द्वेष वगैरे नसतो. आमच्याकडेही तेच झालंय असं आम्हाला आधी वाटलं. ठेकेदाराची बिलं फाईलमध्ये अडकून मार्चअखेर निघाली नाहीत, खर्च दिसला अर्ध्याहून कमी, आणि आम्ही धरून चाललो की कोणीतरी टेबलावर बसून ठरवलं, याला एवढे पैसे लागत नाहीत.

आणखी एक बघायचं ते महसुली आणि भांडवली. पगार, वीज, खत, झाडलोट हा महसुली खर्च, नवीन बांधकाम, गेट, पुतळे, कारंजं हा भांडवली. केंद्राच्या नावावर भांडवलीत मोठा आकडा दिसला तर हुरळून जाऊ नका. कारंजं बसेल आणि चालवायला माणूस नसेल.

माहिती अधिकार, पण छोटा आणि नेमका

माहिती अधिकार कायदा २००५ सगळ्यांना माहीत आहे पण अर्ज लिहिताना लोक निबंध लिहितात. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा, त्यामुळे लांबलचक अर्ज परत यायला आयतं कारण मिळतं. जोडपत्र ‘अ’ चा नमुना घ्यायचा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उद्यान विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यायचा. ऑनलाईनही होतं. उत्तराला ३० दिवस. नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील ९० दिवसांत करता येतं पण तिथे तारीख लागेपर्यंत तुमचं बजेट कधीच मंजूर होऊन गेलेलं असेल, तेव्हा पहिल्या अपिलाची सुनावणी गांभीर्याने घ्या, स्वतः जा.

‘बजेट का कापलं’ असं विचारायचंच नाही. ‘का’ ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, ते फक्त उपलब्ध कागद देतात. म्हणून कागद मागा. आम्ही हे मागितलं होतं:

‘निसर्ग परिचय केंद्रासाठी मागील पाच आर्थिक वर्षांत केलेली तरतूद व प्रत्यक्ष खर्च यांचा वर्षनिहाय तपशील, चालू वर्षाची तरतूद निश्चित करताना विभागाने लेखा विभागास पाठवलेल्या मागणीपत्राची प्रत, केंद्रातील कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या कार्यादेशाची व करारनाम्याची प्रत.’

बस्स. यातल्या मागणीपत्रानेच सगळा खेळ उलगडला, कारण त्यात दिसलं की उद्यान विभागाने केंद्रासाठी पैसे मागितलेच नव्हते. मागच्या वर्षीच्या तक्त्यावरून नवीन तक्ता करताना ती ओळ गळली असावी. आम्ही ज्या लेखा विभागाला शिव्या देत होतो त्याचा यात काही दोष नव्हता. हे कळायच्या आधी मोर्चा काढला असता तर चुकीच्या दारावर जाऊन उभे राहिलो असतो.

३० दिवस थांबायला वेळ नसेल तर दुसरा रस्ता आहे. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं बघता येतात. आधी फोन करून फाईल काढून ठेवायला सांगा नाहीतर पाच वाजेपर्यंत नुसतं बसवून ठेवतात. जाताना दोघांनी जा, एकाने वाचायचं आणि एकाने लिहून घ्यायचं.

जमीन कोणाची हे एकदाच बघून ठेवा

बजेट कापणं ही कधीकधी पहिली पायरी असते. दोन वर्षं केंद्र बंद ठेवायचं, मग ‘वापरात नसलेली जागा’ म्हणायचं, मग तिथे दुसरं काहीतरी सुचवायचं. तुमच्याकडे असंच असेल असं नाही, पण मिळकत पत्रिका किंवा सातबारा, आणि नगररचना विभागाकडून झोन दाखला काढून ठेवायला काही फार लागत नाही. विकास आराखड्यात त्या जागेवर कोणतं आरक्षण आहे, बाग, हरित पट्टा की आणखी काही, हे एका कागदावर हातात असलं की पुढच्या पाच वर्षांची झोप लागते.

मुंबईचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आठवा. मिठी नदीच्या काठावर, धारावीला लागून ३७ एकर, आधी शहराचा कचरा डेपो. १९८० च्या दशकात त्या कचऱ्यावर माती टाकून झाडं लावायला सुरुवात झाली, पक्षितज्ज्ञ सालिम अलींसारखा माणूस त्या कामात होता, आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. धारावी पुनर्विकासाचा विषय निघाला की या जागेचं काय होणार हा प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो, आणि दर वेळी लोक एकच कागद पुढे करतात, की ते संरक्षित वन म्हणून घोषित आहे. प्रेम सगळ्यांचंच असतं हो, पण वेळ आल्यावर कामाला येतो तो कागद.

वही. सगळ्यात महत्त्वाची वही

आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते.

आमच्या केंद्रात टेबलावर एक भेट नोंदवही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची, पाठीला शाई सांडलेली. शिक्षिका मॅडम प्रत्येक शाळेची नोंद त्यात करायच्या, तारीख, शाळेचं नाव, इयत्ता, मुलं किती, सोबत शिक्षक कोण, काय दाखवलं. शेवटच्या रकान्यात मुलांनी काय लिहिलंय ते वाचून आम्ही तिथेच बसून राहिलो. ‘मला कातीन आवडली’ असं एका मुलाने लिहिलेलं, सापाच्या काते‍ला त्याने स्वतःचं नाव दिलं. महापालिकेच्याच एका शाळेतल्या मुलीने लिहिलेलं की आमच्या घरामागे असाच पक्षी येतो पण मला त्याचं नाव माहीत नव्हतं. पुढे तिने धोबी पक्ष्याचं चित्र काढलेलं, शेपटी बरोब्बर वर.

ही वही आमचं सगळ्यात मोठं हत्यार ठरली. आयुक्तांच्या समोर ‘निसर्गशिक्षण महत्त्वाचं आहे’ असं दहा जण दिवसातून सांगतात. पण ‘तुमच्याच शाळांपैकी या-या शाळा मागच्या वर्षी इथे आल्या, ही त्यांची यादी, हे मुख्याध्यापकांचे सही-शिक्के’ असं सांगणारं कोणी येत नाही. आम्ही तीन वर्षांची वही एका एक्सेलमध्ये चढवली, महापालिकेच्या शाळा वेगळ्या, खासगी वेगळ्या, कॉलेजं वेगळी. रात्री जेवणं झाल्यावर चौघं बसायचो, एक वाचणार, एक टाईप करणार, दोघं तपासणार. कंटाळवाणं काम आहे, पण ह्याला पर्याय नाही. आणि आकडे फुगवू नका, अजिबात. एक आकडा खोटा निघाला की सगळी वही खोटी ठरते.

तुमच्या केंद्रात वहीच नसेल तर आजपासून सुरू करा, आणि मागचं जमवायचं असेल तर शाळांकडे जा, त्यांच्या सहलीच्या परवानगीच्या फाईली असतात, फोटो असतात, राष्ट्रीय हरित सेनेचे (शाळेतल्या पर्यावरण मंडळाचे) अहवाल असतात. अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षा हा विषय आहे, त्यात प्रकल्प करावा लागतो, कॉलेजच्या मुलांनी तुमच्या केंद्रात येऊन प्रकल्प केले असतील तर त्यांच्या प्रती मिळवा. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना शाळा म्हटलंय, ते दहा दिवस कुठे घालवायचे हा प्रश्न मुख्याध्यापकांनाही पडलेला असतो, त्यांना जागा सुचवा.

पक्ष्यांच्या, फुलपाखरांच्या नोंदी असतील तर त्याही जोडा. पक्षीनिरीक्षक मंडळी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाईटवर याद्या टाकत असतात, तुमच्या जागेची यादी आधीच तिथे असेल. पण हे दुय्यम ठेवा. अधिकारी आधी माणसं मोजतात, मग पक्षी.

कोणाला सोबत घ्यायचं

व्हॉट्सॲप ग्रुप लगेच होतो आणि दोन दिवसांत त्यात गुड मॉर्निंग सुरू होतं. त्यामुळे दोन ग्रुप करा, एक सगळ्यांचा आणि एक सात-आठ जणांचा, कामाचा. कामाच्या ग्रुपमध्ये आमच्याकडे एक निवृत्त लेखाधिकारी होते (देवमाणूस, बजेटची भाषा त्यांनीच आम्हाला शिकवली), दोन शिक्षिका, एक वकील, रोज टेकडीवर फिरायला येणाऱ्यांपैकी एक आजोबा, एक कॉलेजची मुलगी आणि मी. निवृत्त सरकारी माणूस तर शोधाच. कोणती फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस असते हे त्यांना पाठ असतं.

माळी, रखवालदार, शिक्षिका यांना पुढे करू नका. त्यांची नोकरी आहे. त्यांच्याकडून माहिती घ्या पण निवेदनावर त्यांची सही नको, पेपरात त्यांचं नाव नको. आमच्याकडे उत्साहाच्या भरात कोणीतरी माळीकाकांचा व्हिडिओ काढून टाकला आणि त्यांना दुसऱ्या दिवशी मेमो आला. ती चूक आमची होती, त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

पक्षाचं म्हणाल तर सगळ्यांना भेटा, कोणाचा झेंडा घेऊ नका. आणि लोकांकडून पैसे गोळा करायचा मोह आवरा. नोंदणी नसताना वर्गणी काढायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तशी. झेरॉक्स, स्टॅम्प, रिक्षा एवढाच खर्च होता, तो आपापसात वाटून घेतला.

निवेदन एका पानाचं

आमचं पहिलं निवेदन चार पानांचं होतं, त्यात पश्चिम घाटापासून हवामानबदलापर्यंत सगळं होतं, आणि ते कोणी वाचलं नाही. दुसरं असं होतं:

‘विषय: निसर्ग परिचय केंद्रातील निसर्गशिक्षक, माळी व रखवालदार या तीन पदांच्या मानधनासाठी तरतूद करणेबाबत. महोदय, सदर केंद्रास गेल्या तीन वर्षांत भेट दिलेल्या शाळांची यादी सोबत जोडली आहे. चालू वर्षी विभागाच्या मागणीपत्रात या केंद्राचा समावेश झालेला नाही (प्रत सोबत). त्यामुळे केंद्र बंद असून शाळांच्या भेटी थांबल्या आहेत. तरी वर्गीकरणाद्वारे चालू वर्षासाठी आणि आगामी अंदाजपत्रकात स्वतंत्र लेखाशीर्षाद्वारे तरतूद व्हावी, ही विनंती.’

(वर्गीकरण म्हणजे वर्षाच्या मध्ये एका शीर्षातून दुसऱ्यात पैसे वळवणं.) मागणी एकच. तीन पदं. ज्याच्याकडे गेलो त्याला तीस सेकंदात समजत होतं की यांना काय हवंय, आणि हो म्हणायला फार मोठं काही द्यावं लागत नव्हतं. आवक विभागात देऊन आवक क्रमांक घ्या, आणि पुढच्या प्रत्येक पत्रात तो क्रमांक लिहा. प्रती आयुक्त, उद्यान अधीक्षक, मुख्य लेखाधिकारी आणि तुमच्या प्रभागाचे नगरसेवक यांना. महिला, ज्येष्ठ, शिक्षक असे वेगवेगळे गट करून तेच निवेदन वेगवेगळ्या दिवशी दिलं तर एकदम पन्नास जण जाण्यापेक्षा जास्त उपयोग होतो, कारण दर वेळी फाईलला नवीन कागद लागतो आणि फाईल हलत राहते.

कॅलेंडर चुकलं की सगळं चुकलं

लोक मार्चमध्ये जागे होतात, तोपर्यंत आकडे पक्के झालेले असतात. पुढचं वर्ष १ एप्रिलला सुरू होणार असेल तर विभाग आपापल्या मागण्या आदल्या हिवाळ्यातच पाठवतात. म्हणून दिवाळी संपली की उद्यान अधीक्षकांना भेटायचं आणि ‘यंदा मागणीपत्रात आमच्या केंद्राची ओळ आहे ना’ एवढं विचारायचं. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या वाढदिवसांच्या मधला आठवडा, त्या आठवड्यात केंद्रात शाळा आणा आणि अधिकाऱ्यांना पाहुणे म्हणून बोलवा. आमच्या दुसऱ्या वर्षी अधीक्षक आले, खाणीच्या पाण्यावर खंड्या बसलेला त्यांना एका पाचवीतल्या मुलाने दाखवला, आणि मागणीपत्र जायच्या आधी त्यांनी स्वतः फोन करून आकडा काय टाकू विचारलं.

मग आयुक्त प्रारूप मांडतात. मुंबईत ते ५ फेब्रुवारीपर्यंत मांडावं लागतं, बाकी ठिकाणीही साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. त्यानंतर स्थायी समिती, मग सर्वसाधारण सभा. या टप्प्यावर नगरसेवक उपसूचना (बजेटमध्ये बदल सुचवणारा लेखी प्रस्ताव) देऊ शकतात, आणि उपसूचना तयार लिहूनच त्यांच्या हातात द्या, लेखाशीर्ष, रक्कम, आणि ती रक्कम कुठून वळवायची हेही. ‘पैसे वाढवा’ सगळेच म्हणतात. ‘अमुक शीर्षातून वळवा’ म्हटलं की अभ्यास करून आलेत हे दिसतं. २०२२ नंतर बऱ्याच महापालिकांत काही वर्षं प्रशासक होते, अशा वेळी सभा वगैरे काही नसते, सगळं एका सहीवर असतं, तेव्हा आयुक्तांची भेट आणि विभागाची टिपणी यावरच जोर द्यायचा.

बजेट होऊन गेलंय आणि तुम्ही आता हे वाचताय? तरी संपलं नाही. वर्षाच्या मध्ये वर्गीकरण होऊ शकतं. आमच्या पहिल्या वर्षी तेच झालं, पावसाळ्यात वर्गीकरण होऊन तीनपैकी दोन पदांचे पैसे मिळाले. रखवालदार नाही मिळाला, तो पुढच्या वर्षी.

पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक ही पद्धत आहे, नागरिक आपल्या प्रभागातली कामं सुचवतात. तुमच्या शहरात तसं काही असेल तर त्याचा अर्ज भराच, बाक, माहितीफलक, पाण्याची टाकी अशी कामं त्यातून निघू शकतात, पगार मात्र निघत नाहीत.

दाबायला चांगल्या तीन-चार कळा

अधिकाऱ्याला स्वतःच्या कामात मदत होईल असं काही दाखवलं तर तो तुमच्या बाजूला येतो. महापालिका अधिनियमाच्या कलम ६७अ प्रमाणे आयुक्तांना दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मांडावा लागतो, त्यात निसर्गशिक्षणाबद्दल काहीतरी लिहावं लागतंच. मागचे अहवाल काढा. आमच्या केंद्राचे फोटो आणि कौतुक त्यात होतं, त्याच वर्षी जेव्हा केंद्र बंद होतं. ते पान निवेदनाला जोडलं, वर एक शब्दही लिहिला नाही.

राज्य सरकारचं माझी वसुंधरा अभियान २०२० पासून चालू आहे, त्यात पर्यावरणाच्या कामाबद्दल शहरांना गुण मिळतात आणि आपला नंबर वर यावा असं प्रत्येक आयुक्तांना वाटतं. जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, हे काम करायला शहरात निसर्ग केंद्रासारखी दुसरी जागा नाही, हे मांडा.

आणि घरपट्टीचं बिल काढून बघा, त्यात वृक्षकर असतो. तो पैसा झाडांसाठीच असतो आणि वृक्ष प्राधिकरणाचा हिशोब वेगळा असतो. रोपवाटिका चालवणं आणि रोपं पुरवणं हे १९७५ च्या झाडांच्या कायद्यात वृक्ष प्राधिकरणाचंच काम आहे. आमच्या लेखाधिकारी काकांनी हा मुद्दा काढला की रोपवाटिकेचा माळी प्राधिकरणाच्या निधीतून का घेऊ नये, आणि तो मान्य झाला. त्यामुळे उद्यान विभागावरचा एक पगार कमी झाला आणि उरलेल्या दोन पदांना त्यांनी खळखळ केली नाही. माझ्या मते पूर्ण लढ्यातली ही सगळ्यात हुशार खेळी होती.

कंपन्यांचा पैसा घ्यायचा का

घ्या, पण कशाला हे आधी ठरवा. किमान ५ कोटींचा नफा किंवा १००० कोटींची उलाढाल किंवा ५०० कोटींची नक्त मालमत्ता असलेल्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करावा लागतो आणि पर्यावरण त्याच्या यादीत आहे. पण तुमच्या गटाची थेट नोंदणी, सीएसआर-१ फॉर्म, ८०जी (देणगीवरच्या करसवलतीची नोंदणी) हे सगळं नसेल तर पैसा तुमच्याकडे येऊ शकत नाही, एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत किंवा थेट महापालिकेशी करार करून येईल. कंपन्यांना फोटो निघेल असं काहीतरी हवं असतं, दुर्बिणी, माहितीफलक, सौरदिवे, ते त्यांच्याकडून घ्या. पगार त्यांच्यावर सोडू नका, एक वर्ष देतात आणि पुढच्या वर्षी त्यांचा विषय बदलतो, आणि तोपर्यंत महापालिका म्हणते आता तर कंपनी बघतेय की.

तिकीट लावा हाही सल्ला येईल. बाहेरच्या मोठ्या माणसांना पाच-दहा रुपये ठीक आहे. महापालिका शाळेतल्या मुलांना तिकीट नको, यावर मी अजिबात मागे हटणार नाही. ज्या मुलीने धोबी पक्षी काढला तिच्या वर्गाला माणशी वीस रुपये सांगितले असते तर तो वर्ग आलाच नसता.

पेपर आणि कोर्ट

पत्रकाराला फोन करायचा तो कागद हातात आल्यावर, आणि बातमीत अधिकाऱ्यांना सुटायला जागा ठेवायची. ‘ओळ गळली, दुरुस्त करा’ ही बातमी चालते. ‘निसर्गद्रोही महापालिका’ छापून आलं की सगळी दारं बंद. कोर्टाचा विचार जमीन जायची वेळ आली तरच. बजेटच्या आकड्यासाठी कोर्टात जायला आमच्या वकिलांनी स्पष्ट नाही सांगितलं, आणि ते बरोबर होते.

पैसे मिळाल्यावर

तरतूद झाली म्हणजे केंद्र उघडलं असं नाही. कार्यादेश (काम सुरू करायचा लेखी आदेश) निघाला का, निविदेत निसर्गशिक्षकाची पात्रता लिहिली आहे का की नुसतं ‘मदतनीस’ म्हटलंय, पगार महिन्याला होतोय का, बिल कोणत्या टेबलावर आहे, हे दर महिन्याला एकाने विचारायचं. आम्ही वाटून घेतलंय, दर महिन्याच्या दहा तारखेनंतर एक जण जातो. डिसेंबरमध्ये खर्च किती झाला ते बघतो, कमी असेल तर आत्ताच बिलं हलवायला सांगतो, म्हणजे मार्चला पुन्हा तोच पहिला रकाना अर्धा रिकामा नको.

जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिल्या पंधरा दिवसांत मुख्याध्यापकांना पत्रं जायला हवीत, नंतर त्यांचं वेळापत्रक भरतं. आणि वही संपत आली असेल तर नवीन आधीच आणून ठेवा. आमच्याकडे मागच्या ऑगस्टमध्ये वही संपली, तीन आठवडे नोंदी सुट्या कागदांवर झाल्या आणि ते कागद खिडकीपाशी ठेवलेले, पावसाचा झोत आला आणि शाई सगळी पसरून गेली. आता कपाटात दोन कोऱ्या वह्या असतात, त्यातल्या एकीवर मॅडमनी पुढच्या वर्षाचा आकडा आधीच घालून ठेवलाय.